साडू पुढे की मागे?

...नाही, पण मला एक सांगा, चिखलात नखशिखांत बरबटलेल्या माणसाला समोरचा चिखलात बरबटलेला माणूस आपला साडू आहे हे ओळखता आलं नाही, तर यात चूक कोणाची? आमच्या हिच्या मते माझी. हिच्या धाकट्या बहिणीच्या मते तर माझीच. आणि साडूच्या मते... साडूचं मत राहू द्या, त्याला मतं फार असतात, एकदा सुरू झाली की आवरत नाहीत. मला फक्त एवढंच म्हणायचंय की ती अख्खी शर्यत मी एकाच काळजीत काढली, आणि तुम्हाला सांगतो, ती काळजी अजून सुटलेली नाही, की त्या दिवशी साडू माझ्या पुढे होता की मागे?

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, डोळे नव्हते का? होते ना! डोळ्यांचाच धंदा माझा. चष्म्याचं दुकान आहे. सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत मी लोकांच्या नाकावर काचा चढवतो आणि विचारतो, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" गिऱ्हाईक म्हणतं, आधी. मी आधीची काच लावतो. ते म्हणतं, नाही हो, ती मघाचीच बरी होती. मग मी काही न करता नुसताच चमच्याने टकटक केल्यासारखा आवाज करतो आणि तीच काच ठेवतो, तर म्हणतं, "हां, आता कसं!" दिवसभर हेच. हे बरं की ते बरं, काळी फ्रेम की तपकिरी, गोल की चौकोनी. संध्याकाळी घरी गेल्यावर ही विचारते, भाजी पातळ करू की सुकी, तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

म्हणून ती सायकल. डोंगरावर चालवायची सायकल, जाडजूड टायरवाली, आणि तिला गिअर एकच. एकच म्हणजे एकच. चढ असो, उतार असो, तोच. निवडायचं काही नाही. दुकान उघडायच्या आधी तासभर गावाबाहेरच्या टेकडीवर जायचं, तेवढा एक तास जगात कोणी मला विचारत नाही की हे बरं की ते बरं. आता खरं सांगतो, त्या एका तासावर माझे बाकीचे सगळे तास उभे आहेत. हसू नका, मी मनापासून बोलतोय.

आता साडू. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. स्वयंपाकघरं बसवून देतो लोकांना, ते ड्रॉवर असतात ना, ढकलला की शेवटी आपोआप हळू होणारे, ते. त्याच्याकडेही सायकल. तिला बारा गिअर. आमच्याकडे आला की माझ्या सायकलीपुढे उभा राहतो, कमरेवर हात ठेवतो आणि एखाद्याच्या घरी अजून रॉकेलचा स्टोव्ह दिसावा तसा बघतो. "साडूभाऊ, एकच गिअर? मग चढावर काय करता?" मी म्हणतो, उतरतो. "आणि उतारावर?" म्हटलं, बसतो. "नाही पण, तुम्हाला पर्याय नको का?" पर्याय! मला! चष्मेवाल्याला! मी नुसता चहा पुढे केला. साडू आहे, उद्या परत भेटणार आहे.

तर झालं काय, आमचं घर म्हणजे दाराशी चिंचोळा बोळ, मग खोल्या. त्या बोळात सायकल. तिच्या हँडलमध्ये हिची पर्स अडकते, ओढणी अडकते, एकदा तर ही स्वतः अडकली आणि शाळेला उशीर झाला, आणि ही मुख्याध्यापिका आहे हो! उशिरा येणाऱ्या पोरांना फाटकाबाहेर उभी करणारी बाई त्या दिवशी स्वतः फाटकाबाहेर. तिकडे साडूच्या घरीही तीच गत. दोघी बहिणींचं फोनवर काय ते ठरलं, आणि जेवताना हिने मला सुनावलं, "त्या टेकडीवर शर्यत आहे ना? दोघंही उतरा. दोघांपैकी जो मागे राहील त्याची सायकल घराबाहेर. कायमची." मी म्हटलं, अगं, असं कसं? ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम." हे वाक्य ती शाळेत म्हणते तेव्हा सातवीतली मुलं रडतात, मी तर नुसता आमटी भुरकत होतो.

म्हणजे बघा, पहिला यायचं नव्हतं. पन्नासावा आलो तरी चाललं असतं, साडू एक्कावन्नावा हवा. जगातली सगळी शर्यत माझ्यासाठी एका माणसावर आली. साडू पुढे की मागे?

आणि शर्यतीच्या आधी तीन दिवस पाऊस. तीन दिवस! टेकडी कसली ती, नुसता लगदा. चार फेऱ्या मारायच्या होत्या तिला. सुरुवातीच्या रेषेवर एक बाई कागदी पाट्या वाटत होत्या, एकेका नंबरची, मी आपली छातीला लावायला गेलो तर ओरडल्या, "तिथे नाही हो, हँडलला बांधा! नंबर सायकलचा असतो, माणसाचा नसतो." म्हटलं बरोबर आहे, माणसाला कोण विचारतो. मला एकोणीस, साडूला बावन्न. साडू उंच, निळा शर्ट, पिवळं हेल्मेट, लांबून ओळखू येईल असा. मी म्हटलं चला, एवढं एक बरं आहे.

शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत निळा शर्ट दिसत होता. दुसऱ्या वळणापर्यंत पिवळं हेल्मेट दिसत होतं. तिसऱ्या वळणाला पुढच्याच्या चाकाने माझ्या तोंडावर जी काय राड उडवली, त्यानंतर मला दिसलं ते थेट शेवटी. चष्मा हातमोज्याने पुसला, हातमोजा चिखलाचा, शर्टाने पुसला, शर्ट चिखलाचा. शेवटी काढून खिशात टाकला. आता माझा नंबर साडेचार, उणे. म्हणजे चष्मा लावला तर चिखल दिसतो आणि काढला तर तोही दिसत नाही. गिऱ्हाइकांना रोज विचारतो ते स्वतःला विचारलं, आता बरं की आधी बरं होतं? दोन्ही वाईट!

आणि गोंधळ कसा असतो बघा, मागून कोणी येतं, "डावीकडून, डावीकडून" करत पुढे जातं. आता हा माझ्या मागे होता म्हणून पुढे गेला, की एक फेरी पुढे होता म्हणून मागून आला? पुढे कोणी तरी सायकल खांद्यावर घेऊन चाललंय, त्याला मी गाठलं, तर मी त्याच्या पुढे गेलो की एक फेरी मागून त्याच्या बरोबरीला आलो? आणि त्यातला साडू कोणता? सगळे एका रंगाचे. कुंभाराच्या अंगणात मांडून ठेवल्यासारखे.

पण एक सांगतो, माझी सायकल चालत होती. बाकीचे दर पन्नास पावलांवर थांबून गिअरमधून गवत उपटत होते, काड्या घालून चिखल खरवडत होते, कोणी सायकलीला शिव्या देत होतं, कोणी सायकल विकत घ्यायला लावणाऱ्या मित्राला. माझ्याकडे अडकायला होतंच काय! एक साखळी, दोन चक्रं. मी आपला चढावर उतरतो, उतारावर बसतो. मनात म्हटलं, ये साडू, पर्याय पाहिजेत ना तुला, घे बारा पर्याय, आणि बाराच्या बारांत गवत. पण हे म्हणतानाही मान सारखी मागेपुढे वळत होतीच, कारण हा पुढे की मागे?

वळणावर एक काका झेंडा घेऊन उभे होते, वाट दाखवायला. मी थांबलो. म्हटलं, काका, माझा साडू गेला का इथून? "कसा दिसतो?" म्हटलं उंच, निळा शर्ट, पिवळं हेल्मेट. काकांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "इथे निळं-पिवळं काही राहिलेलं नाही. पण मघाशी एकजण हेच विचारून गेला. माझा साडू गेला का म्हणून." मी म्हटलं, तोच तो! कधी गेला? काका म्हणाले, "मागच्या फेरीत. पण मला वाटतं ते तुम्हीच होता."

आता तुम्हीच सांगा, मी होतो का? मला आठवेना. उभा राहिलो विचार करत. विचारलं असेल मागच्या फेरीत मीच, किंवा साडूनेही विचारलं असेल, त्यालाही तीच काळजी. मी म्हटलं, काका, तो जो कोणी होता, तो तुम्हाला जरा उर्मट वाटला का? काका म्हणाले, "थोडासा." उर्मट म्हणजे साडू की मी? हे कोणाला विचारणार? निघालो तसाच.

शेवटच्या फेरीत एक खड्डा आला. आधीच्या फेऱ्यांतही आला असणारच, पण आता पाण्याने भरून त्याचं तळं झालेलं. मी उतारावरून सुटलो, ब्रेक दाबला, ब्रेकने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि मी थेट आत. एकटा नाही हो, आत आधीच एक माणूस बसला होता. बसला होता म्हणजे पडून तिथेच राहिला होता. मी त्याच्यावर, माझी सायकल त्याच्या सायकलीवर, आणि वरून चिखलाची लाट आमच्यावर.

"माफ करा हां," मी म्हटलं. म्हणजे तोंडात जेवढा चिखल होता तो सांभाळून जेवढं म्हणता येईल तेवढं. तोही काहीतरी तसंच बुडबुडला. माझ्या कानात चिखल, त्याच्या तोंडात चिखल, वर पुन्हा सुरू झालेला धो धो पाऊस, आवाज कोणाचा कसा कळणार? पण माणूस सज्जन वाटला, मला हात देऊन उठवलं त्याने. मला भरून आलं हो. दोन तासांत कोणी आपुलकीने हात लावला नव्हता. मी म्हटलं, घाई आहे भाऊ, माझा साडू कुठेतरी आहे, तो पुढे गेला तर माझी सायकल जाते. तो थांबलाच. म्हणाला, "तुमचाही साडू?" म्हटलं, तुम्हालाही आहे? "आहे की," तो म्हणाला, "आणि असा हट्टी, काही सांगायची सोय नाही. नवीन काही घेणार नाही, ऐकणार नाही, वर कोणी चांगलं सांगायला गेलं की तोंड फिरवतो." मी म्हटलं, माझा उलट आहे, तो सांगायचा थांबतच नाही. दोघंही कमरेएवढ्या चिखलात उभे राहून मान हलवत होतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते उगीच नाही, आणि आम्ही तर दोघंही मातीचेच होतो.

"जा तुम्ही पुढे," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, तुम्ही आधी पडलात, तुम्ही आधी. "नाही नाही, तुमचा साडू वाईट आहे." मी म्हटलं, तुमचाही काही कमी नाही. असं करत करत आम्ही हाताला आली ती एकेक सायकल उचलली, एकमेकांना शुभेच्छा दिल्या, आणि मी निघालो. जाताना वळून ओरडलोसुद्धा, तुमच्या साडूला चांगला धडा शिकवा!

निघालो खरा, पण सीट उंच लागायला लागली. म्हटलं खड्ड्यात खचलो असेन मी, उंची कमी झाली असेल. पायडल जड. म्हटलं दमलो. उजव्या अंगठ्याशी काहीतरी टणक लागत होतं, चिखलातला खडा असणार, दाबून काढायला गेलो तर कटकन आवाज झाला आणि... काय सांगू तुम्हाला... सायकल पिसासारखी हलकी! मला वाटलं, पूर्वजांनी हात लावला. परत दाबला, परत कटकन, आणखी हलकी. ज्या चढावर मी जन्मात बसून गेलो नव्हतो त्या चढावर बसून गेलो. लोकांना मागे टाकत गेलो. मी स्वतःशी म्हणालो, बघ, इतकी वर्षं उगीच उतरत होतास, ताकद अंगातच होती, शोधली नाहीस!

शेवटची रेषा ओलांडली. पाट्यावाल्या बाई धावत आल्या, माझ्या हँडलवरची पाटी अंगठ्याने पुसली आणि ओरडल्या, "बावन्न!" मी म्हटलं एकोणीस. "बावन्न," त्या म्हणाल्या, "वाचता येतं मला." मी डोळ्यांशी हुज्जत घालत नाही, आमच्या धंद्यात ते बसत नाही. तेवढ्यात गर्दीतून एक बाई टॉवेल घेऊन धावत आली आणि माझं तोंड पुसायला लागली. मायेने हो. "किती दमलात," म्हणाली, "पण आलात एकदाचे पुढे, आता ताईला सांगते." कान पुसला, कपाळ पुसलं, नाक पुसलं, आणि नाकापाशी आल्यावर किंचाळली, "अय्या, भाऊजी!" मेव्हणी! टॉवेल तिथेच टाकून चार पावलं मागे गेली, आणि अजून माझ्या एका गालावर चिखल होता तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळाने एक आकृती सायकल ढकलत ढकलत आली. बाईंनी पाटी पुसली, "एकोणीस!" आमची ही छत्री घेऊन पुढे झाली आणि तिने त्या आकृतीला जे झाडायला सुरुवात केली, "म्हटलं नव्हतं झेपणार नाही? वय काय आपलं? आणि तो पाय आधी पुसा, घरात असे आलात तर बघा..." ती आकृती बिचारी मान खाली घालून ऐकत होती. तोंड पुसून झाल्यावर कळलं, साडू. मी विचारलं, अरे, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं, ताई रागावल्यात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार." हिच्यापुढे भल्याभल्यांना असंच वाटतं.

आणि मागे का राहिला होता, माहीत आहे? अंगठ्याला गिअरचं बटण सापडेना. त्याला वाटलं खड्ड्यात पडलं. परत गेला आणि चिखलात हात घालून शोधत बसला! माझ्या सायकलीचं बटण, जे तिला जन्मापासून नाही!

आता खरा तमाशा. ही म्हणाली, "एकोणीस नंबरची सायकल मागे आली. ती आमची. ती घराबाहेर." मी म्हटलं, अगं, पण मी पुढे आलो! मेव्हणी म्हणाली, "हो ना, म्हणजे हे मागे राहिले. आमचीच सायकल घराबाहेर." साडू म्हणाला, "अगं, पण आपली सायकल पुढे आली!" मग मी म्हटलं माणूस मोजा, साडू म्हणाला सायकल मोजा, मग कळलं की माणूस मोजला तर त्याची जाते, सायकल मोजली तर माझी जाते. दोघी एकमेकींकडे बघून अगदी गोड हसल्या, आणि ही म्हणाली, "मग सोपं आहे. दोन्ही घराबाहेर." नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी मैदानाच्या नळावर आम्ही दोघं सायकली धूत होतो. चिखल गेला तशी आतून माझी सायकल निघाली, आणि मला फार वाईट वाटलं. उद्यापासून सकाळचा तास नाही. थेट दुकान, थेट हे बरं की ते बरं. साडू त्याच्या गिअरमधलं गवत काढत होता, एकेक काडी, आणि त्याचेही डोळे ओले, पाणी नळाचं असेल, मी विचारलं नाही. मग तोच हळूच म्हणाला, "साडूभाऊ, अट काय होती? ज्याची-त्याची सायकल ज्याच्या-त्याच्या घराबाहेर. बरोबर?" म्हटलं, बरोबर. "दुसऱ्याची सायकल घरात ठेवायची नाही, असं कोणी म्हणालं होतं का?"

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत साडूच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य, जे मला पटलं.

सकाळी ही शाळेला निघाली, बोळात पर्स अडकली. "ही काय?" मी म्हटलं, माझी नाही. ती थांबली. सायकलीकडे बघितलं, बारा गिअर बघितले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिकडे मेव्हणीच्या बोळातही एक सायकल उभी होती आणि तीही साडूची नव्हती. फोन ठेवून ही म्हणाली, "ठीक आहे. पण परक्याची वस्तू घरात ठेवलीत, तर मालकाला ती बघायला येता आलं पाहिजे. दर रविवारी या म्हणावं. जेवायलाच या."

तेव्हापासून टेकडीवर जातो मी रोज. बारा गिअर आहेत, त्यातला एक बघून ठेवलाय, तोच वापरतो, बाकीच्या अकरांना हात लावत नाही. त्या खड्याकडे तर अंगठाही नेत नाही. आणि रविवारी साडू येतो. बोळात सायकलीपुढे उभा राहतो, कमरेवर हात. "कितव्यावर चालवता?" म्हटलं, एकाच. तो डोळे मिटून घेतो. मग आत येऊन बसतो आणि मला सांगायला लागतो की कोणता गिअर केव्हा, कसा, आणि का... चहा होतो, जेवण होतं, परत चहा होतो.

त्या चिखलात मी चार फेऱ्या मारल्या हो, येईल त्याला, जाईल त्याला एकच विचारत, साडू पुढे की मागे? पुढे नाही आणि मागेही नाही. समोर. दर रविवारी, सकाळी दहापासून.